भरावावरची मुंबई : धोक्याचा नकाशा जनतेच्या हाती हवा

भूकंप माणसे मारीत नाही, कोसळणारी घरे मारतात, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की सत्ताधारी वर्गाचे प्रवक्तेही ते परिसंवादांतून निर्धास्तपणे उच्चारतात. निर्धास्तपणे, कारण त्यापुढचे प्रश्न ते विचारीत नाहीत. घर कोसळले ते कोणत्या जमिनीवर उभे होते? तेथे ते कोणी उभे करविले? ती जमीन कशी आहे हे कोणास ठाऊक होते, आणि ज्यांना त्या घरात राहावयाचे होते त्यांना ते का सांगितले गेले नाही? हे प्रश्न विचारताच भूकंपाचा विषय भूगर्भशास्त्रातून राज्यशास्त्रात येतो. म्हणूनच ते विचारले जात नाहीत.

समुद्रकाठच्या शहरांपुढे तर हा प्रश्न दुहेरी स्वरूपात उभा आहे. तेथे घरच नव्हे, घराखालची जमीनही माणसाने केलेली असते. खाडी बुजवून, खाजणे भरून, दलदलीवर कचरा आणि मुरूम ओतून ती तयार होते व चौरस फुटाच्या भावाने विकली जाते. अशी जमीन भूकंपाच्या हादऱ्याने काही क्षण जमीनच राहत नाही. ती पातळ होते. शास्त्रज्ञ यास मृदा-द्रवीकरण म्हणतात. कोणत्या वस्तीखालची जमीन अशी पातळ होऊ शकते याचा नकाशा काढण्याचे शास्त्र गेल्या अर्धशतकात सिद्ध झाले आहे. प्रश्न शास्त्राचा उरलेला नाही. प्रश्न हा आहे की नकाशा कोणाच्या हाती असावा आणि कोणाच्या हिताने वाचला जावा.

वाळू पातळ होते तेव्हा

गिरगाव चौपाटीवर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत उभे राहून पाय जागच्या जागी हलविले की वाळू ढिली पडते, पाणी वर येते आणि पाय घोट्यापर्यंत रुततो. मुंबईच्या प्रत्येक पोराने हा खेळ केलेला आहे. द्रवीकरणाचे मूळ तत्त्व याहून वेगळे नाही. सैल वाळूचे कण एकमेकांवर टेकलेले असतात. त्या टेकण्यातून, कणाकणांच्या घर्षणातून जमिनीला बळ येते. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतील आणि जमीन जोराने हादरू लागली, तर कण दाटीने बसू पाहतात. पाण्याला तितक्या वेळात निघून जाण्यास वाट मिळत नाही. त्याचा दाब वाढत जातो आणि शेवटी वरचा सारा भार कणांऐवजी पाणीच पेलू लागते. त्या क्षणी घर्षण संपते. इमारत कलते किंवा खचते, जमिनीखालच्या रिकाम्या टाक्या व मलवाहिन्या वर तरंगून येतात, भेगांतून वाळू आणि पाण्याची कारंजी उडतात, नदीकाठची व धक्क्यालगतची जमीन पाण्याकडे सरकू लागते.

१६ जून १९६४ रोजी जपानच्या निईगाता शहरात हे जगाने पाहिले. कावागिशी-चो येथील चार मजली निवासी इमारती जवळजवळ अभंग राहून कलंडल्या. एक तर जमिनीवर आडवी झाली. भिंती पक्क्या होत्या, काँक्रीट पक्के होते. कच्ची होती ती जमीन. नुकताच बांधलेला शोवा पूलही पडला. त्याच वर्षी मार्चमध्ये अलास्कातील अँकरेज शहराच्या वस्त्या जमिनीसकट सरकल्या होत्या. या दोन घटनांनंतर जगभर संशोधनाला वेग आला, आणि १९७१ मध्ये सीड व इद्रिस या शास्त्रज्ञांनी धोका मोजण्याची जी सुटसुटीत रीत मांडली, तिच्या सुधारित रूपांवरच आजचे बहुतेक नकाशे उभे आहेत.

भारताला मात्र हा धडा निईगाताच्या तीस वर्षे आधीच मिळाला होता. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात दहा हजारांहून अधिक माणसे मेली. उत्तर बिहारात सीतामढी, मधुबनीच्या परिसरातून जाणारा सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा एक पट्टा असा निघाला की जेथे घरे कलली, खचली, शेते भेगाळली आणि पिकाऊ जमिनीवर वाळूचे थर पसरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या खचपट्ट्याची नोंद आहे. पण त्या भूकंपाची जी चर्चा देशभर गाजली ती वाळूची नव्हती. गांधीजींनी हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा असल्याचे म्हटले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याशी पूर्ण सहमत असलेल्या रवींद्रनाथांनी त्या अशास्त्रीय कारणमीमांसेचा जाहीर प्रतिवाद केला. वाद थोर माणसांमधला होता आणि सभ्यतेने झाला. त्याचे तात्पर्य मात्र आजही शिळे झालेले नाही. आज ईश्वराच्या कोपाची जागा निसर्गाच्या कोपाने घेतली आहे, आणि जुनी समजूत निदान माणसाच्या पापाकडे तरी बोट दाखवीत होती. नवी समजूत कोणाकडेच बोट दाखवीत नाही. तीच तिची उपयुक्तता आहे.

सात बेटांचा भराव, दोन शतकांचा नफा

मुंबई कशावर उभी आहे? सात बेटांचा कणा काळ्या पाषाणाचा आहे हे खरे. पण बेटांना जोडणारे शहर पाषाणावर उभे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डने वरळी आणि महालक्ष्मी यांमधली खाडीची वाट बंद झाली. मागे उरलेल्या सखल, दलदलीच्या जमिनी पुढील शतकभर माती आणि शहराचा केरकचरा टाकून बुजविल्या गेल्या. भायखळा, कामाठीपुरा या परिसरातल्या कित्येक वस्त्या त्या सखल भागावर वसल्या. ज्या कामगाराने डोक्यावर पाट्या वाहून भराव टाकला, तोच पुढे त्या भरावावरच्या चाळीत भाडे भरून राहिला.

भराव आणि सट्टा ही मुंबईची जुळी भावंडे आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या पैशाने माजलेल्या सट्टेबाजांनी बॅक बे बुजविण्याच्या कंपनीचे शेअर्स आकाशाला नेऊन भिडविले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांनी तीच योजना पुन्हा काढली. बंदराच्या तळाचा गाळ उपसून भिंतीआड टाकला जाई आणि गळक्या भिंतीतून तो पुन्हा समुद्रात जाई. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी हा गैरकारभार चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. योजनेच्या आठ विभागांपैकी त्या वेळी निम्मेच पुरे झाले. स्वातंत्र्यानंतर उरलेल्यांपैकी काही भाग बुजवून जो भूखंड निर्माण झाला, त्यास नरिमन पॉइंट हे नाव देण्यात आले. भरावाचा भ्रष्टाचार उघड करणाऱ्याचे नाव भरावालाच देऊन सत्ताधारी वर्गाने ऋण फेडले!

त्यानंतर मिठी नदीच्या मुखाजवळची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल झाले. सागरी किनारा मार्गासाठी सुमारे १११ हेक्टर समुद्र बुजविण्यात आला आणि २०२४ मध्ये त्यावरून मोटारी धावू लागल्या. त्याच वर्षी धारावी पुनर्विकासासाठी पूर्व उपनगरांतील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. देवनारच्या कचराभूमीचीही जमीन देऊ केली. या जमिनींवर कोण जाणार? धारावीतच घर मिळण्यास जे अपात्र ठरविले जातील ते. धारावीची मोक्याची जमीन भांडवलाला आणि खाडीकाठचा चिखल कष्टकऱ्याला, अशी ही वाटणी आहे. भांडवलदार वर्ग निवासाचा प्रश्न सोडवीत नाही, केवळ त्याची जागा बदलतो, हे एंगेल्सने १८७२ मध्ये दाखवून दिले होते. मुंबईत आता जागेबरोबर जागेखालची मातीही बदलली जात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण शास्त्राच्या नावाने अतिशयोक्ती करणे हे शास्त्राचा गळा दाबण्याइतकेच गैर आहे. प्रत्येक भराव पातळ होत नाही. दगडमुरमाचा नीट दाबलेला भराव तग धरतो. खाडीचा चिकट गाळ वाळूसारखा द्रवरूप होत नाही; त्याचा दोष वेगळा, तो हादरा वाढवितो आणि भाराखाली खचतो. कचऱ्याच्या भरावाचे दुखणे आणखी निराळे. खरा धोका असतो तो सैल वाळू आणि बारीक रेताड गाळ यांच्या पाण्याखालच्या थरांचा, आणि असे थर कोठे आहेत, किती जाड आहेत, हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणूनच नकाशा लागतो. मिठागरांखाली काय आहे हे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार ज्यांनी बोअर घेऊन पाहिले त्यांनाच आहे. पण मग ते बोअर, त्यांच्या नोंदी आणि त्यांचे निष्कर्ष घरांचा पहिला खांब रोवण्यापूर्वी धारावीच्या प्रत्येक गल्लीत वाचले गेले पाहिजेत.

नकाशा कसा तयार होतो

जमिनीत भोक पाडून ६३.५ किलो वजनाचा हातोडा ७५ सेंटीमीटर उंचीवरून सोडतात आणि नळी ३० सेंटीमीटर आत जाण्यास किती ठोके लागतात ते मोजतात. थोडे ठोके म्हणजे सैल जमीन, पुष्कळ ठोके म्हणजे घट्ट. भूजल किती खोल आहे, मातीत बारीक कणांचे प्रमाण किती, हे त्याबरोबर पाहतात. मग अपेक्षित भूकंपाचा हादरा त्या थरावर किती ताण आणील आणि तो थर किती ताण सोसू शकेल, यांची तुलना होते. सोसण्याची शक्ती कमी पडली की तो थर धोक्याचा. १९७० च्या दशकाअखेर इवासाकी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी वरच्या २० मीटर जमिनीचा असा सारा हिशेब एका आकड्यात आणण्याची रीत दिली. शून्य म्हणजे धोका नाही, पाचपर्यंत थोडा, पाच ते पंधरा मोठा, पंधरापुढे फार मोठा. शहरभरच्या बोअरांचे आकडे कागदावर मांडून रंग भरले की नकाशा झाला.

यात गूढ असे काही नाही. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी शहराच्या निरनिराळ्या भागांतील बोअरांच्या नोंदी घेऊन हा निर्देशांक काढला आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. कोलकाता, दिल्ली, गुवाहाटी, बंगळूर, जबलपूर या शहरांचे सूक्ष्म-विभागणीचे नकाशे झालेले आहेत. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाने २०१६ च्या आवृत्तीत द्रवीकरण तपासण्याची रीत परिशिष्टात दिली आहे. म्हणजे शास्त्र आहे, शास्त्रज्ञ आहेत, मानकही आहे. बोअर तर रोज घेतले जातात. प्रत्येक उड्डाणपुलासाठी, मेट्रोच्या प्रत्येक स्थानकासाठी, प्रत्येक मनोऱ्यासाठी. पण त्यांच्या नोंदी कंत्राटदाराच्या कपाटात जातात. जनतेच्या पैशाने, जनतेच्या जमिनीतून काढलेले ज्ञान खाजगी मालमत्ता होऊन बसते. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या विध्वंसानंतर अशा नोंदी एका सामाईक कोशात जमा करून अभियंत्यांस खुल्या केल्या गेल्या. तेथे ते शहाणपण विध्वंसानंतर आले. येथे ते आधी येण्यास कायद्याची वा विज्ञानाची कोणतीच आडकाठी नाही. आडकाठी आहे ती हितसंबंधांची.

तीन सबबी

नकाशाची मागणी पुढे आली की तीन सबबी सांगितल्या जातात. त्यांचा क्रमाने समाचार घेणे अवश्य आहे.

पहिली सबब अशी की मुंबई स्थिर दख्खनच्या पाषाणावर आहे, येथे मोठा भूकंप होणार नाही. ११ डिसेंबर १९६७ पूर्वी कोयनेबद्दल हेच बोलले जात असे. त्या रात्रीच्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली आणि हादरे मुंबईपर्यंत पोचले. ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत किल्लारीचा परिसर देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागात होता. एका पहाटेत अधिकृत हिशेबानेही सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली, आणि नंतर मानकातून तो पहिला विभागच काढून टाकावा लागला. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांना लहान भूकंपांच्या मालिकेने हादरविले. माणसे थंडीत घराबाहेर तंबूंत झोपली. मानकाच्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांनी मुंबईस तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्यात, घातले. मध्यम याचा अर्थ नगण्य असा कोणत्याही भाषेत होत नाही. शिवाय केंद्र दूर असले तरी सैल जमीन सुटत नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या महाभूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर असताना टोकियोच्या उपसागरातील उरायासू शहराचा भरावाचा भाग पातळ झाला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात रणात ठिकठिकाणी वाळू उसळली, गाळावरची धरणे खचली आणि कांडला बंदराच्या कार्यालयाची इमारत कलली. कांडला हे भारताचेच बंदर आहे. परदेशाचे उदाहरण म्हणून ते झटकता येत नाही.

दुसरी सबब अशी की असा नकाशा प्रसिद्ध केल्यास घबराट पसरेल आणि मालमत्तेचे भाव कोसळतील. या सबबीत निदान प्रामाणिकपणा आहे. भीती कोणास वाटते ते ती सांगून टाकते. घबराट पसरणार ती बिल्डरांत आणि त्यांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांत. ज्या माहितीने जमिनीचा भाव उतरतो ती माहिती खोटी ठरत नाही. आधीचा भाव खोटा होता एवढेच तिने सिद्ध होते. आयुष्याची पुंजी घालून आणि पुढील वीस वर्षांचे वेतन गहाण टाकून घर घेणाऱ्या कारकुनास, शिक्षकास, गोदी कामगारास आपण काय विकत घेत आहोत हे कळू नये, यासच का बाजाराचे स्वातंत्र्य म्हणतात? भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही ही सबब टिकलेली नाही. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात सान फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात भराव पातळ झाला. वाळूच्या कारंज्यांबरोबर १९०६ च्या भूकंपातील पडक्या घरांचे अवशेष वर आले. जुन्या आपत्तीचा मलबा टाकूनच नव्या वस्तीची जमीन केली होती! पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, कॅलिफोर्नियाने कायदा केला. द्रवीकरणाच्या पट्ट्यांचे नकाशे सरकारने प्रसिद्ध करावयाचे, त्या पट्ट्यांत तपासणीशिवाय बांधकामास परवानगी नाही, आणि विकणाऱ्याने घेणाऱ्यास ही गोष्ट सांगणे बंधनकारक. तेथील मालमत्तेचा बाजार त्यामुळे बुडाला नाही.

तिसरी सबब सर्वांत घातक, कारण ती कधीकधी चळवळीतील प्रामाणिक कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकू येते. ज्या वस्तीत नळाला पाणी नाही, रेशनवर धान्य नाही, डोक्यावर छप्पर नाही, तेथे शंभर वर्षांत कधी तरी येणाऱ्या भूकंपाची चर्चा कशाला? ती अभियंत्यांची बाब आहे, असे म्हटले जाते. वास्तविक पाहता नळाचे पाणी आणि भूकंप हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. १९०६ मध्ये सान फ्रान्सिस्को शहर भूकंपापेक्षा आगीने अधिक जळाले. भरावाच्या जमिनीतून जाणाऱ्या जलवाहिन्या तुटल्या आणि आग विझविण्यास पाणीच उरले नाही. जमीन पातळ होते तेव्हा पहिल्याने तुटतात जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि वायुवाहिन्या. बाटलीबंद पाणी विकत घेणारा आणि दुसऱ्या शहरात घर असणारा निघून जातो. सार्वजनिक नळावर जगणारा तेथेच राहतो आणि रोगराईला तोंड देतो. ट्रॉम्बे-माहुलच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरणाचे कारखाने व टाक्या आहेत, आणि त्यांच्या सावलीत प्रकल्पग्रस्तांची वसाहत वसविली गेली. तेथील जमीन कशी वागेल हा प्रश्न अभियंत्यावर सोपवून मोकळे होणे म्हणजे कामगाराचे जीवित तज्ज्ञाच्या सहीवर सोडून देणे होय. गिरणीतील यंत्राला संरक्षक जाळी असावी ही मागणी कामगार संघटनेनेच केली होती. ती यांत्रिकी शास्त्राची बाब आहे असे म्हणून कोणी स्वस्थ बसले नव्हते.

नकाशा झाला, माणसे वाचली नाहीत

तथापि केवळ नकाशा काढून भागत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. इंडोनेशियातील पालू शहराचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तेथील सरकारी भूवैज्ञानिक संस्थेने २०१२ मध्येच पालूच्या द्रवीकरणाच्या धोक्याची पाहणी केली होती. २८ सप्टेंबर २०१८ रोजी भूकंप झाला. बालारोआ आणि पेटोबो या वस्त्या पायाखालच्या जमिनीसकट वाहत गेल्या. घरे चिखलात फिरली, एकमेकांवर चढली आणि गाडली गेली. भूकंप, त्सुनामी आणि द्रवीकरण मिळून चार हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. बालारोआ ही सरकारी गृहनिर्माण योजनेतील वसाहत होती. म्हणजे सरकारच्या एका खात्याने धोका दाखविला आणि दुसऱ्या खात्याने बांधलेल्या घरांत माणसे सहा वर्षे तशीच राहिली. अहवाल होता, तो त्या माणसांच्या हातात नव्हता.

जपानच्या उरायासूत दुसरा धडा मिळाला. त्याच भरावावर डिस्नेलँड हे करमणुकीचे उद्यान आहे. उद्यानाखालची जमीन आधीच दाबून व निचऱ्याची व्यवस्था करून पक्की केली होती. तेथे द्रवीकरण झाले नाही. त्याच्या वाहनतळाची जमीन तशी पक्की केलेली नव्हती. तेथे चिखल उसळला. आणि शेजारच्या वस्त्यांतील हजारो घरे कलली. घरमालकांनी न्यायालयात दाद मागितली तेव्हा असा हादरा आधी कल्पिता येण्याजोगा नव्हता या आधारावर २०१४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. एकाच भरावावर एकाच हादऱ्यात भांडवल कोरडे राहिले आणि माणसे बुडाली, याहून अधिक बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. जमीन जन्मतः दुष्ट नसते. वाळू दाबता येते, खडीचे खांब उतरविता येतात, पाण्याला वाट करून देता येते, पाया खालच्या पाषाणापर्यंत नेता येतो. या साऱ्यास पैसा लागतो. तो कोणाच्या घराखाली खर्च करावयाचा, हाच काय तो प्रश्न.

नकाशाची कुऱ्हाड होऊ नये

येथेच सर्वांत मोठ्या धोक्याकडे लक्ष वेधले पाहिजे. नकाशा सत्ताधाऱ्यांच्या हाती एकट्याने पडला तर तो कुऱ्हाड होतो. झोपडपट्टीवर लाल रंग दिसला की तिला धोकादायक ठरवून उठवावयाचे; जमीन मोकळी झाली की तोच लाल रंग खोल पायांच्या खर्चाने पुसून तेथे मनोरे उभारावयाचे; आणि उठविलेल्यांना अशा जागी न्यावयाचे की जेथे कोणी बोअरच घेतलेला नाही. सुरक्षिततेच्या नावाने हाकलण्याचा हा डाव मुंबईच्या श्रमिकांना पूर, दरडी आणि मोडक्या चाळींच्या निमित्ताने चांगला परिचित आहे. क्राइस्टचर्चमध्ये २०१०-११ च्या भूकंपांनंतर सुमारे आठ हजार घरांची जमीन निवासास अयोग्य ठरली आणि सरकारने घरे विकत घेतली. त्या श्रीमंत देशातही विमा नसलेल्या मालकांस जमिनीची निम्मीच किंमत देऊ केली गेली आणि त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मग ज्यांच्या नावावर जमिनीचा कागदच नाही त्यांचे येथे काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून नकाशाची मागणी आणि घराच्या हक्काची मागणी एकमेकींपासून सोडविता येणार नाहीत. लाल रंगाचा अर्थ एकच असला पाहिजे: येथे सार्वजनिक पैसा आधी खर्च व्हावा. येथून माणसे आधी हाकलावीत, असा त्याचा अर्थ होता कामा नये.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. कोलकात्याच्या गाळावर, चेन्नईच्या किनाऱ्यावर, कोचीच्या खाजणांत हाच प्रश्न आहे. तापीकाठच्या गाळावर वसलेल्या सुरतेत यंत्रमागांवर राबणारे हजारो खानदेशी मराठी कामगार राहतात. त्यांच्या वस्त्यांखाली काय आहे हे त्यांना कोण सांगणार? गोव्याच्या नदीमुखांवरील खाजणे भरून पर्यटनाचे भांडवल पुढे सरकत आहे; तेथील जमीनही हाच हिशेब मागते.

म्हणून कामगार व लोकशाही चळवळीने पुढील मागण्या निःसंदिग्धपणे हाती घेतल्या पाहिजेत.

एक, किनाऱ्यावरच्या व नदीमुखावरच्या प्रत्येक मोठ्या शहराचा द्रवीकरणाच्या धोक्याचा नकाशा, वॉर्डनिहाय व त्या प्रदेशाच्या भाषेत, प्रसिद्ध करावा. तो पावसाळ्यातील भूजलपातळी धरून काढावा, उन्हाळ्यातील सोयीची पातळी धरून नव्हे.

दोन, सार्वजनिक जमिनीवर वा सार्वजनिक परवानगीने घेतलेल्या प्रत्येक बोअरची नोंद सार्वजनिक कोशात जमा करणे कायद्याने सक्तीचे करावे.

तीन, हा नकाशा विकास आराखड्याचा बंधनकारक भाग व्हावा आणि घर विकताना वा पुनर्वसनात देताना जमिनीचा अहवाल रहिवाशाच्या हाती द्यावा.

चार, मिठागरे, खाजणे व कचराभूमी यांवर पुनर्वसनाचा कोणताही निर्णय अशा जाहीर तपासणीपूर्वी अमलात आणू नये.

पाच, धोक्याच्या पट्ट्यातील रुग्णालये, शाळा, जलवाहिन्या, बंदरे आणि श्रमिक वस्त्या यांची जमीन सुधारण्यासाठी भरावावर नफा कमाविणाऱ्यांकडून कर वसूल करावा. रहिवाशास त्याच जागी वा लगत, त्याच्या संमतीने, पक्के घर मिळाल्यावाचून कोणासही हलवू नये.

या मागण्यांत अशक्य असे काही नाही. पण त्या आपोआप मान्य होणार नाहीत. महापालिकांतील प्रतिनिधींनी बोअरच्या नोंदी मागितल्या पाहिजेत. गृहनिर्माण व भाडेकरू संघटनांनी माहितीच्या अधिकाराचे अर्ज केले पाहिजेत. अभियंते, भूवैज्ञानिक आणि विद्यार्थी यांनी वस्त्यांत जाऊन, चौपाटीवरच्या ओल्या वाळूचेच उदाहरण देऊन, हे शास्त्र लोकांच्या भाषेत सांगितले पाहिजे. शास्त्र जोवर प्रयोगशाळेत आणि नकाशा जोवर कपाटात, तोवर जमीन बिल्डरची. वस्तीतील माणूस नकाशावर बोट ठेवून 'माझ्या घराखाली काय आहे?' असे विचारू लागेल, त्या दिवशी निसर्गाच्या कोपाची सबब संपेल आणि उत्तर देण्याची पाळी सत्ताधाऱ्यांवर येईल. भूकंपाची तारीख कोणास सांगता येत नाही. हा प्रश्न विचारण्याची तारीख मात्र चळवळीला ठरविता येते, आणि ती पुढे ढकलण्यास कोणतेही समर्थनीय कारण उरलेले नाही.